खारी

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
घणसोलीच्या सेंटरमध्ये खिडकीकडचा चौथा बेड.
आधी वजन : एकसष्ट किलो दोनशे.
कोरडं वजन साडेअठ्ठावन्न.
मधलं सगळं पाणी, सुहेल म्हणतो,
आणि बाबांकडे असं बघतो
जसं मी वही न आणलेल्या मुलाकडे.
"चाय दोनदाच प्यालो," बाबा म्हणतात.
पेज ते मोजत नाहीत.

डाव्या दंडावरची शीर घरघरते.
कान लावला तर आत पिठाची गिरणी,
लांबच्या आळीतली.

मशीनला टांगलेलं टॉर्चएवढं नळकांडं.
आत हजारो पोकळ धागे.
धाग्यांतून रक्त जातं, बाहेरून द्रावण उलटं येतं,
दोघं एकमेकांना भेटत नाहीत,
भिंतीला लागून निघून जातात,
आणि तेवढ्यात युरिया इकडचा तिकडे.
जास्त तिथून कमी तिथे.
कोणी ढकलत नाही.
लाल पेशी मोठ्या, त्या राहतात.

हे मी ऐरोलीत आठवी-ब ला शिकवते.
विसरण. परासरण. निवडक्षम पारपटल.
काचेच्या बशीत मनुके भिजत घालते,
तासाच्या शेवटी ते टम्म फुगलेले असतात,
एखादा कमीही असतो.
मागच्या बाकावर यशोधन मढवी तोंड मिटून बसलेला.

"त्या नलीन काय हाय गो?"
बाबांनी तिसऱ्या महिन्यात विचारलं.
मी मनुक्यांपासून सुरुवात केली.
ते छताकडे बघत राहिले, मग म्हणाले,
"म्हंजे उघारी."

उघाडी. खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं मिटतं,
ओहोटीला आतलं गोडं पाणी त्याला बाहेर लोटतं.
माणूस लागत नाही.
बाबा ड ला र म्हणतात. खाडीला खारी.
नवख्याला वाटतं, चव सांगतायत.

बावीस वर्षं त्यांनी मिठागरावर फळी ओढली.
पाणी उन्हाला दिलं, मीठ ठेवून घेतलं.
मिठागर गेलं, सेक्टर आला,
टाचांच्या भेगा तेवढ्या आमच्या नावावर राहिल्या.
आता डब्यावर मी स्केचपेनने लिहिते : बाबांचा, अळणी.

पेशीला दुसरंही एक दार असतं.
ते उताराचं ऐकत नाही.
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
पुन्हा तीन, पुन्हा दोन,
आपण झोपलो तरी,
आणि खाल्लेल्यातला मोठा वाटा तिथेच खर्च होतो.
हे फळ्यावर काढताना बाण मी जरा जाड काढते.
उधाणाच्या रात्री बांधाला भोक पडायचं,
बाबा कंदील घेऊन जायचे,
पाठ लावून पाणी अडवायचे, हातांनी चिखल थापायचे.
सकाळी आई त्यांच्या कानातला गाळ काढायची.
त्याची मजुरी कोणी धरली नाही.

"मॅडम, दोन्हीकडे सारखं झालं की मग?"
यशोधननेच विचारलं. मनुका गिळून झाला होता.
"तरी कण ये-जा करतात. आपल्याला दिसत नाही."
"म्हणजे पेशी मेली?"
मी म्हटलं, जिवंत पेशी सारखं होऊच देत नाही.
घंटा झाली. त्याने लिहून घेतलं की नाही, पाहिलं नाही.

चार तासांनी : अठ्ठावन्न सातशे.
दोनशे ग्रॅम जास्त.
"र्‍हाऊ दे," बाबा म्हणाले, "माजंच हाय."

परत येताना त्यांनी रिक्षा खाडीकडे वळवायला लावली.
तिवराचं एक पान तोडलं, उलटं केलं,
पाठीवर बोट फिरवलं. पांढरे बारीक कण.
झाडाला नको असलेलं, झाडानेच बाहेर ठेवलेलं.
माझ्याकडे बघून म्हणाले, "चाखत नाय."

मी सुट्टे पैसे मोजायला लागले.
रिक्षाचे अडतीस झाले होते.
मी बराच वेळ मोजत राहिले.